समासातली अक्षरे

स्पेनच्या उत्तरेस, ला रिओहा प्रांतात, सान मियान दे ला कोगोया या आडगावी दोन मठ आहेत: डोंगराच्या कुशीतला, गुहांना टेकून उभा असलेला पुरातन ‘सुसो’, म्हणजे वरचा, आणि खोऱ्यातला विस्तीर्ण ‘युसो’, म्हणजे खालचा. १९९७ साली युनेस्कोने या दोहोंना जागतिक वारशाची सनद बहाल केली. परंतु स्पॅनिश भाषेचे जन्मस्थान हे बिरुद त्यांना त्याआधीच चिकटले होते, आणि माझी तक्रार आहे ती या बिरुदाविषयी.

त्याचा सारा आधार म्हणजे ‘एमिलियानेन्से ६०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे एक लहानसे चर्मपत्री पुस्तक. मजकूर लॅटिन, विषय धार्मिक प्रवचनांचा. पण दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास कोणा अनामिक अध्येत्याने त्याच्या समासात आणि ओळींच्या मधल्या जागेत शेकडो बारीक टिपा लिहून ठेवल्या, आणि त्यांतल्या काही लॅटिनमध्ये नसून लोकांच्या रोजच्या बोलीत आहेत. एके ठिकाणी तर बोलीतलीच बारा आखूड ओळींची प्रार्थना आहे, जिला दामासो आलोन्सो या कवी-पंडिताने स्पॅनिश भाषेचा पहिला टाहो म्हटले. उपमा गोड खरी; परंतु टाहो फोडणारे अर्भक कशाचाही अभ्यास करीत नसते, आणि हा मनुष्य तर एकाग्रपणे तेवढेच करीत होता.

पान जरा जवळून पाहावे. काही वाक्यांत शब्दांच्या डोक्यावर अनुक्रमाने वर्णमालेतील अक्षरे घातली आहेत, म्हणजे कोणता शब्द आधी घ्यावा नि कोणता मागाहून हे कळावे. शेजारी ‘कोण’, ‘काय’ अशा अर्थाची प्रश्नार्थक सर्वनामे आहेत, म्हणजे कर्ता कुठला नि कर्म कुठले याचा उलगडा व्हावा. पाठशाळेत रघुवंशाचा खंडान्वय ज्याने केला असेल त्याला हा खटाटोप क्षणात ओळखू येईल. भाषा जन्मास घालण्याचा संकल्प सोडून हे कोणी बसले नव्हते. परक्या झालेल्या लॅटिनचा अर्थ लावण्याची त्या विद्यार्थ्याची, किंवा कदाचित गुरुजींची, ती धडपड होती. शिवाय याच पुस्तकात दोन टिपा चक्क बास्क भाषेत आहेत, आणि इथली बोली कास्तिलपेक्षा नवार-अरागॉनकडची असावी, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे.

सान मियानची खरी थोरवी दुसऱ्यांचे ज्ञान निःसंकोच उतरवून घेण्यात होती, असे मला वाटते. शेजारच्या अल्बेल्दा मठात विगिला नावाच्या लेखकाने ९७६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात आपले भारतीय अंक आढळतात, एक ते नऊ, शून्याविना. पश्चिम युरोपातील ख्रिस्ती हस्तलिखितांत त्यांहून जुना दाखला ज्ञात नाही. या विद्येत भारतीयांची बुद्धी सूक्ष्म असून इतरांनी त्यांना मान द्यावा, असा शेराही तिथे आहे. या ग्रंथाची नक्कल थोड्याच वर्षांत सान मियानमध्ये झाली, आणि नक्कलकारांनी अंकांबरोबर हा शेराही इमानेइतबारे उतरवला. स्वतःच्या मोठेपणाविषयी एवढा उदासीन कारकून आजच्या कुठल्या दफ्तरात सापडेल?

एकोणिसाव्या शतकात सरकारने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा ‘एमिलियानेन्से ६०’सारखी तिथली पुस्तके बाहेर पडली, आणि १८५१ साली माद्रिदच्या शाही इतिहास अकादमीत दाखल झाली. ते माघारी द्यावे अशी मागणी ला रिओहातून वेळोवेळी होते. मुक्काम कोठे असावा याचा निवाडा त्यांचा त्यांनी करावा. फक्त जन्मस्थानाचा हक्क पुढे करून ते मागणाऱ्यांनी त्या दोन बास्क टिपा कोणत्या नात्याने घरी न्यायच्या, हे आधी ठरवलेले बरे.