तडकलेली कांच आणि प्रयोगाचें पांघरूण

गेल्या वर्षीं एका प्रदर्शनांत आम्हीं ओतीव कांचेचा एक ठोकळा पाहिला. हातभर उंच, फिकट निळा, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत तडकलेला. शेजारच्या पाटीवर भंगाच्या सौंदर्याविषयीं दहाबारा ओळी लिहिलेल्या होत्या. कलावंत तेथेंच उभे होते, तेव्हां आम्हीं साधा प्रश्न केला : "हाच ठोकळा न तडकूं देतां आपल्याला करतां येईल काय ?" त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें, तंत्र ही कारागिरांची बाब आहे असें सांगितलें, आणि ते दुसऱ्या पाहुण्याकडे वळले. त्या उत्तरामुळेंच आज लेखणी हातीं घ्यावी लागली.

हें उत्तर त्यांच्या एकट्याचें असतें तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु त्यामागें एक सूत्र आहे आणि त्याला मोठ्या नांवाचा आधार दिला जातो. अमेरिकेंतील स्टुडिओ-कांचकलेचे जनक मानले जाणारे हार्वे लिटलटन यांनीं १९७२ सालीं तंत्र ही स्वस्त वस्तु आहे, अशा आशयाचें विधान केलें. त्या विधानाला त्या काळीं अर्थ होता. कांच म्हणजे कारखाना, अशीच तोंवरची स्थिति. कागदावर आकृति काढणारा एक आणि भट्टीपुढें घाम गाळणारा दुसरा. कलावंतानें स्वतः फुंकनळी उचलावी, हा लिटलटन यांचा आग्रह होता. आणि ती उचलल्यावर हातचलाखीवरच भाळून बसूं नये, हा त्यांचा इशारा होता. इशाऱ्याचा परवाना कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे.

ज्या घटनेचा हे लोक उठतांबसतां दाखला देतात, तीच त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. मार्च १९६२ मध्यें टोलीडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारांत एका साध्या शेडमध्यें लिटलटन यांनीं पहिली कार्यशाळा भरविली. भट्टी लहान, उत्साह अफाट. आणि झालें काय ? पहिला घाणा फुकट गेला; कांच फुंकण्याजोगी होईना. तेव्हां मदतीस धांवले डॉमिनिक लबायनो. ते कांचतंतूंच्या उद्योगांत मुरलेले संशोधक होते. त्यांनीं भट्टीची रचना बदलविली आणि कांचतंतूंसाठीं बनविलेल्या गोट्या वितळविण्यास दिल्या. कांच नीट वितळली, तरी ती फुंकावयाची कशी ? तें दाखविलें हार्वे लीफग्रीन या, लिबी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारानें. ज्याला कलावंताचें स्वातंत्र्य म्हणून मिरवितात, त्याच्या बारशाला एक रसायनाचा जाणकार आणि एक म्हातारा कामगार हजर होता. त्यांना वगळून सांगितलेला इतिहास आम्ही मान्य करणार नाहीं.

कांच हा पदार्थच असा आहे कीं तो थापा खपवून घेत नाहीं. निवतांना तिचा बाहेरचा थर आधीं आकसतो, आंतला मागाहून. त्या ओढाताणीचा ताण पोटांत राहिला तर आज ना उद्यां ती फुटते. म्हणून तिला बंद भट्टींत हळूहळू निववावी लागते. जाडी दुप्पट केली कीं निवविण्याचा वेळ सुमारें चौपट होतो. दोन रंगांच्या कांचा सारख्या प्रमाणांत आकसत नसतील, तर त्यांचा संसार भट्टीबाहेर आल्यावर मोडतो. शाईला किंवा मातीला कलावंत चुचकारूं शकेल. येथें तो उपाय नाहीं.

आतां ज्यांच्या दृष्टीविषयीं कोणीही शंका घेणार नाहीं, असें जोडपें पाहा. चेकोस्लोव्हाकियांतील स्टानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा. १९५० नंतरच्या दशकांत त्यांचें सहकार्य सुरू झालें. १९५८ च्या ब्रुसेल्स आणि १९६७ च्या माँट्रिअल प्रदर्शनांतून त्यांचीं कामें जगापुढें आलीं. लिबेन्स्की रेखाटन करीत, ब्रिख्तोवा त्यावरून मातीचा आकार घडवीत. त्यावर सांचा, सांच्यांत कांच, आणि मग आठवडेच्या आठवडे, मोठ्या कामाला महिनेही, निवविणें. त्यांच्या शिल्पांत एकाच रंगाची कांच पातळ भागीं उजळते आणि जाड भागीं काळवंडते. आंत कोरलेली पोकळी बाहेरच्या आकाराइतकीच बोलकी होते. ही कल्पना कागदावर सुचणारी नव्हे. कांचेची जाडी आणि प्रकाश यांचें नातें भट्टीच्या दारांत वर्षानुवर्षें पाहिल्यावांचून तो प्रकाश डोळ्यांपुढें उभाच राहत नाहीं. येथें तंत्र आधीं कीं दृष्टि आधीं, हा वादच पोरकट ठरतो.

कोणी म्हणेल, डेल चिहुली तर फुंकनळीला हात लावीत नाहींत ! खरें आहे. १९७६ मध्यें त्यांचा एक डोळा गेला, १९७९ मध्यें खांदा दुखावला, आणि नळी इतरांच्या हातीं गेली. परंतु त्याआधीं, १९६८ मध्यें, हे गृहस्थ मुरानोच्या वेनीनी कारखान्यांत शिकावयास गेले होते, हें विसरूं नये.

अर्थात् मुरानोचीही आरती आम्हांला करावयाची नाहीं. १२९१ पासून व्हेनिसच्या भट्ट्या त्या बेटावर. विद्या घरांत कोंडलेली. आणि पाहुण्यांसाठीं तेच तेच पेले. लिनो तालियापिएत्रा हा त्याच भट्ट्यांत पोरवयापासून वाढलेला उस्ताद १९७९ मध्यें अमेरिकेंतील पिलचक शाळेंत शिकवावयास गेला, तेव्हां घरच्या मंडळींचा रोष त्यानें पत्करला. पुढें त्याची स्वतःची कला स्वतंत्रपणें फुलली, ती अशा देवघेवींतून.

आमच्याकडे ही देवघेव कां झाली नाहीं ? तळेगांवचा पैसाफंड कांच कारखाना १९०८ चा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघर टांगलेला. आंतून ज्योतीचा ताप आणि बाहेरून पावसाचा थेंब सोसणारी ती कंदिलाची कांच तडकली असती, तर भंगाचें सौंदर्य म्हणून ती कोणी विकत घेतली नसती. तें ज्ञान महाराष्ट्रांत होतें. पण चित्रशाळेंतला विद्यार्थी त्या भट्टीपुढें जाऊन उभा राहिला नाहीं, आणि भट्टीवाल्यालाही त्याला बोलवावेंसें वाटलें नाहीं. आतां कांच पुन्हां कलावंतांच्या हातीं येत असतांना तरी प्रत्येकानें एक वर्ष कामगाराच्या शेजारीं राबावें, आणि त्याच्या मजुरीची व नांवाची नोंद पाटीवर करावी, एवढी आमची मागणी आहे.

राहिला तो निळा ठोकळा. त्याच्या कर्त्यांनीं तो एकदां अखंड करून दाखवावा. मग खुशाल मुद्दाम तडकवावा; आम्ही तिकीट काढून पाहावयास येऊं.