हाताला शिव्या देऊ नका, फाईल उघडा

दोस्तांनो, पहिल्यांदा माझाच गुन्हा सांगतो.

गल्लीतला एक पोरगा माझ्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर फायटिंगचा गेम खेळायला यायचा. माझ्याशी सलग ११ डाव हरला. बारावा सुरू व्हायच्या आधी बटणांवरून हात उचलून म्हणाला, "दादा, माझा हातच चालत नाय." मी हसलो. त्याचा हात झकास चालत होता. आदल्या रात्री मीच माझ्या गड्याच्या फाईलीत लाइफ १००० चं ३००० करून ठेवलं होतं. डावाआधीच त्याचा निकाल लिहून मी मोकळा झालो होतो. आणि तो बिचारा स्वतःच्या बोटांना शिव्या घालत होता!

त्या हसण्याची मला लाज वाटते. म्हणून हे लिहितोय.

गेम म्हणजे म्युजेन. एलेकबाइट नावाच्या गटानं १९९९ साली बाहेर काढलेलं इंजिन. इन्स्टॉलचं नाटक नाही. झिप फोडा, फोल्डर ठेवा, चालू करा. सोबत कुंग फू मॅन नावाचा गडी येतो. बाकी मांडव तुम्हीच घालायचा. नवा गडी आणला की त्याचं फोल्डर 'चार्स'मध्ये टाका. फोल्डरचं नाव आणि आतल्या डेफ फाईलीचं नाव एकच ठेवा. मग 'डेटा'तली सिलेक्ट.डेफ साध्या नोटपॅडात उघडा आणि कॅरेक्टर्सच्या खाली त्याचं नाव एका ओळीत लिहा. यादीत नाव नाही तर गडी पडद्यावर नाही. मग तो फोल्डरात कितीही दंड थोपटत बसू दे.

आपले शहाणे इथंच थांबतात. पाचशे गडी गोळा करतात, यादी भरतात, छाती फुगवतात : आम्ही गेम बनवला! डोंबल बनवला. चित्रं दुसऱ्या कुणी रात्र रात्र जागून काढली, आणि त्याचं नाव तुम्ही रीडमीसकट उडवलंत. याला आमच्यात साठेबाजी म्हणतात.

दुसरे त्याहून सोवळे. "पोरांनी खेळावं, फाईलीत हात घालू नये, बिघडेल." बिघडू दे ना! एक कॉपी बाजूला ठेवा अन् खुशाल बिघडवा. सीएनएस फाईलीत लाइफ, अटॅक, डिफेन्स लिहिलेलं असतं. अटॅक १०० चं २०० केलं की प्रत्येक फटका दुप्पट. सीएमडी फाईलीत कुठली बटणं कुठल्या क्रमानं दाबली की कुठला पेच, ते. एआयआर फाईलीत सेकंदाचे ६० तुकडे पाडून एकेक चित्र किती तुकडे दिसणार, ते. खेळ चालू असताना कंट्रोल आणि सी दाबा. गड्यांच्या अंगावर चौकटी उमटतात. लाल मारते, निळी मार खाते. ठोसा डोळ्यांना कितीही बसलेला दिसो, लाल निळीला भिडली तरच लागला. यात जादू कुठाय? नशीब कुठाय? 'जन्मजात हात' कुठाय? कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलेले आकडे आहेत सगळे. आणि जे लिहिलंय ते खोडता येतं.

एक खोट मात्र सांगतोच. म्युजेनच्या फाईली उघड्या, पण इंजिनाचं पोट बंद. एलेकबाइटनं त्याचा सोर्स कोड खुला केला नाही. आता आयकेमेन गो आहे. तो म्युजेनचे गडी चालवतो आणि त्याचा कोडही कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. पोरांच्या हातात तोच द्या.

त्या पोराला मी परत बोलावलं. फाईल उघडली, ३००० वर बोट ठेवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सरक."

खुर्चीत बसून त्यानं ३००० चं १००० केलं. स्वतःच्या गड्याला मात्र एक आकडाही वाढवून घेतला नाही. बाराव्या डावात त्यानं मला तुडवला.

हरताय? हरा. पण हाताला शिवी द्यायच्या आधी फाईल उघडा. आणि आमच्यासारखा कुणी खुर्ची अडवून बसला असेल तर त्याला एकच शब्द ऐकवा :

सरक!