आमचे मालक आणि मूळ हिब्रू

"मूळ हिब्रूत या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे बरं का..." असं कुणी म्हणालं की मी हल्ली सावरून बसतो. या वाक्यात एक गंमत असते. बोलणाऱ्याला हिब्रू येतं की नाही हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला येत नाही हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. सगळा जोर तिथेच. आपल्याकडे "शास्त्रात असं सांगितलंय" हे वाक्य शेकडो वर्षं असंच चाललं. कुठल्या शास्त्रात, कुठे, पुढे-मागे काय आहे, हे विचारायची सोयच नव्हती.

तर मंडळी, आजचा विषय आहे माझा जुना नाद. अंबाजोगाईत बसून हिब्रू शिकणारा माणूस म्हणजे घरच्यांच्या चेष्टेचा विषय. "तुला इस्रायलला नोकरी लागलीय का?" हा आमच्या मामांचा प्रश्न आता मुरलाय. मला लागला आहे तो फक्त जुन्या करारातल्या शब्दांचा नाद. एक शब्द घ्यायचा, तो कुठे कुठे आलाय ते काढायचं, वहीत लिहायचं, आणि आपल्या बोलीत त्याला काय म्हणतील यावर डोकं खाजवायचं. भाषा मला जेमतेम येते. पण शब्दांचा माग काढायला जेमतेम भाषा आणि भरपूर चिकाटी पुरते, असं माझं मत आहे.

आणि हिब्रू मराठीला परकी आहे हा समजही खरा नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत, ते पिढ्यानपिढ्या मराठीच बोलत आले. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून छापलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. म्हणजे आमच्या आधी दोनशे वर्षं लोक हे करत होते. असो.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना या कामात एक जास्तीचा फायदा आहे, तो म्हणजे उर्दू. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा कोर्टकचेरीची भाषा उर्दू. ते शब्द अजून आमच्या तोंडात आहेत. उर्दूतले अरबी शब्द आणि हिब्रू शब्द एका घराण्यातले. शालोम म्हणजे सलाम. नावी म्हणजे नबी. रुआह म्हणजे रूह. नेफेश म्हणजे नफ्स. केवेर म्हणजे कबर. बेराखा म्हणजे बरकत. हेशबोन म्हणजे आपला हिशोब! पहिल्या महिन्यात मला वाटलं, अरे, ही भाषा तर आपण निम्मी शिकूनच आलो. आणखी एक, जुनी हिब्रू नुसत्या व्यंजनांत लिहिलेली असे, स्वरांची टिंबं-रेघा विद्वानांनी पुष्कळ नंतर, इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकात बसवल्या. आजोबा जमिनीचे जुने उर्दू कागद वाचताना ऱ्हस्व स्वर स्वतःच्या मनाने भरत जायचे, त्यातलाच प्रकार.

पण भाऊबंदकीत जसं होतं तसं इथेही होतं. नाव एक, पण घर वेगळं. हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकरी. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. त्याच घराण्यातला अरबी 'लह्म' म्हणजे मांस. हिब्रू 'मेलेख' म्हणजे राजा, आणि त्याच मुळाचा अरबी 'मालिक' आपल्याकडे येऊन झाला मालक. आता मालकाला राजा म्हणून बघा, घरभाडं देणारे हसतील.

म्हणून मुळावरून अर्थ काढणाऱ्यांपासून जपून राहावं. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ साली या खोडीवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. शब्दाचा धातू म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, असं त्याचं म्हणणं. हे आपल्या अलंकारशास्त्राला फार आधीपासून माहीत होतं. 'कुशल' म्हणजे कुश तोडून आणणारा, 'प्रवीण' म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा, पण लोक आता त्या अर्थाने बोलत नाहीत, ही तिथली नेहमीची उदाहरणं. आमच्या गल्लीतला वायरमन तारा जोडण्यात प्रवीण आहे. वीणा त्याने पाहिली असेल तर देवळात.

मग अर्थ सापडतो कुठे? वापरात. दुसरं ठिकाण नाही. 'शालोम' घ्या. सगळे म्हणतात, शालोम म्हणजे शांती. ठीक. पण २ शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा रणांगणावरून बोलावून घेतलेल्या उरीयाला विचारतो, की यवाबाचं शालोम काय, लोकांचं शालोम काय, आणि युद्धाचं शालोम काय. युद्धाची शांती?! कोशातला अर्थ इथे तोंडघशी पडतो. आपण गावाकडून आलेल्याला विचारतो ना, "काय खुशाली?" तेच. युद्धाची खुशाली. एकदा हे कळलं की दुसऱ्या ठिकाणचं शालोमही जरा वेगळं ऐकू येतं. त्यात भांडण नसणं एवढंच नाही, तर सगळं जागच्या जागी, धड असणं आहे.

'नेफेश'चं तर विचारू नका. याचं भाषांतर कुणी 'आत्मा' केलं की मला चुटपुट लागते. आत्मा म्हटलं की आपल्या डोक्यात गीता येते, शस्त्रांनी न तुटणारा वगैरे. नेफेशला भूक लागते, तहान लागते, तो दमतो आणि मरतोसुद्धा. एकोणसत्तराव्या स्तोत्रात पाणी नेफेशापर्यंत चढतं, म्हणजे सरळ गळ्यापर्यंत. आणि मराठीत काय म्हणतात? जीव कंठाशी आला! आपला 'जीव' तहानेने व्याकूळ होतो, कुणावर जडतो, कुणाचा घेतला जातो. नेफेशला याहून चांगला शब्द जगातल्या फार थोड्या भाषांत असेल. तसंच रुआह. वारा, श्वास, आणि देवाकडून माणसावर येणारी शक्ती, या तिन्हीला हिब्रूत हा एकच शब्द. इंग्रजी पुस्तकं हे समजावायला दोन-दोन पानं घालवतात. आमच्या आजीला एक वाक्य पुरलं असतं. योगेश्वरीच्या जत्रेत एखाद्या बाईच्या 'अंगात वारं आलं' असंच ती म्हणायची. (अर्थात ते वारं आणि हे रुआह एकच असं मी म्हणत नाही, नाहीतर दोन्हीकडचे लोक माझ्यावर धावून येतील. भाषेची चाल एक आहे, एवढंच.)

इथवर सगळी मजाच आहे. पण मला हा लेख लिहावासा वाटला तो दुसऱ्या कारणाने.

मध्यंतरी एका मित्राच्या मुलीचं लग्न लागलं, आमच्याच जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये. मुलगी इंजिनियर, पुण्यात नोकरीला. प्रवचन करणाऱ्या गृहस्थांनी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट घेतली. माणूस एकटा असू नये म्हणून देव त्याच्यासाठी बाई घडवतो ती. आणि मग आलं ते वाक्य. "मूळ हिब्रूत शब्द आहे 'एझेर', म्हणजे मदतनीस. मदतनीस कधी साहेबाच्या पुढे चालत नाही." पुढे वीस मिनिटं हेच. मुलगी खाली बघत होती. तिच्या आईने मान डोलावली. लग्नाच्या मांडवात कुणी वाद घालत नाही, मीही घातला नाही. पण घरी येऊन वही काढली.

'एझेर' जुन्या करारात विसेक वेळा येतो. त्यातल्या बहुतेक ठिकाणी तो कुणासाठी आहे? देवासाठी! एकशे एकविसाव्या स्तोत्रात डोंगरांकडे डोळे लावून बसलेला माणूस, माझा एझेर कुठून येणार, असं विचारतो आणि परमेश्वराकडून, असं उत्तर देतो. मोशेच्या मुलाचं नाव एलियेझेर, म्हणजे माझा देव माझा एझेर. आता देव साहेबाच्या मागून चालणारा मदतनीस आहे काय? आणि एझेरच्या पुढे एक शब्द आहे, 'केनेग्दो', तो प्रवचनात आलाच नाही. 'नेगेद' म्हणजे समोर. त्याच्या समोर उभी राहील अशी, त्याच्या जोडीची. मागे नाही, समोर. मराठी बायबलात 'अनुरूप' असा शब्द आहे, चांगला आहे, पण मला आपला 'तोडीची' जास्त जवळचा वाटतो.

शिवाय ती प्रसिद्ध फासळी. तिथला शब्द 'त्सेला'. निर्गमात हाच शब्द कोशाच्या पेटीच्या बाजूसाठी आणि पवित्र मंडपाच्या बाजूसाठी येतो, २ शमुवेलात डोंगराच्या कडेसाठी येतो. फासळी म्हणजे बरगडीचं एक हाडूक. बाजू म्हणजे अर्धं अंग. फासळी चूक आहे असं छातीठोकपणे म्हणण्याइतका मी मोठा नाही, पण 'बाजू' हा अर्थ शक्य आहे, हे वधू-वरांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला 'अर्धं अंग' समजावून सांगायला लागू नये. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसं ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवते. यात कोण कुणाचा मदतनीस? मात्र ही जोडी फार गोड करून सांगायची नाही. हिशोब नवऱ्याच्या नावावर, पहाटे उठून चूल तिची, आणि एक खाडा पडला तर दंड. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी आमचा जिल्हा देशभर गाजला. हिब्रूत गर्भाशयाला 'रेहेम' म्हणतात, आणि कळवळ्याला त्याच अक्षरांतून आलेला 'रहमीम'. तोच आपला रहम. मुळावरून अर्थ काढू नये असं मी वर म्हटलंय, आणि हा रहमीम बापाला, राजाला, देवालाही येतो. पण त्या वर्षी ही दोन पानं वहीत एकाखाली एक आली आणि पुढे बरेच दिवस वही उघडली नाही.

आता उलट बाजू. एझेर केनेग्दोवरून "बघा, बायबलात स्त्री-पुरुष समानता आहे" असं भाषण ठोकणारेही मला भेटलेत. त्यांनाही माझा तोच प्रश्न, की पुढचं पान वाचलंत का? लगेच तिसऱ्या अध्यायात नवरा तुझ्यावर सत्ता चालवील असं आहे. दहा आज्ञांत शेजाऱ्याच्या ज्या गोष्टींचा लोभ धरू नये त्यांच्या यादीत बायको आहे, आणि त्याच यादीत बैल आणि गाढवही. जुना शब्द आपल्या आजच्या मताची री ओढायला बसलेला नाही. तो त्याचं म्हणणं सांगतो, ते आपल्याला आवडो न आवडो. प्रवचनकाराने एझेरला वाकवलं म्हणून मी त्याला उलट्या बाजूला वाकवावं, हे काही बरोबर नाही. एझेर म्हणजे अडचणीत धावून येणारा, बस. तो लहान की मोठा, हे तो शब्द सांगत नाही.

या सगळ्यात मला पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) पुनःपुन्हा आठवतात. आईने संस्कृत शिकवलं म्हणून या बाईला धर्मशास्त्रं स्वतः वाचता आली. कोलकत्याला ती वाचल्यावर, बाकी शेकडो बाबतींत न जुळणारे हे ग्रंथ बायकांना आणि शूद्रांना कमी लेखण्यात मात्र एकमताचे आहेत, असं तिने स्वच्छ लिहून ठेवलं. पुढे ख्रिस्ती झाल्यावर तिने मिशनऱ्यांचं भाषांतर निमूट मान्य करायला काय हरकत होती? पण नाही. मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या मुली आणि बायका. पुस्तक पूर्ण छापून बाहेर पडलं १९२४ साली, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्या भाषांतराच्या गुणदोषांवर विद्वान बोलोत. मला त्यातली जिद्द दिसते, की मूळ काय आहे ते मला दुसऱ्याच्या तोंडून नको, मी बघते. त्या मांडवात कुणीतरी, शक्यतो त्या मुलीनेच, एवढंच विचारायला हवं होतं, "कुठल्या अध्यायात? आणखी कुठे येतो हा शब्द?" आज तर त्याला केडगावला जायची गरज नाही. शब्दसूची फोनवर फुकट मिळते, मराठी बायबल शेजारी उघडायचं, आणि एक दुपार लागते.

त्या वधूला मी नंतर एक चिठ्ठी लिहिली, त्यात एझेर नाही टाकला, होशेय टाकला. हिब्रूत नवऱ्याला एक शब्द आहे 'बअल'. अर्थ मालक, धनी. कनानी लोकांच्या देवाचं नावही तेच. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात देव आपल्या रुसलेल्या बायकोला, म्हणजे इस्राएल लोकांना म्हणतो, की यापुढे तू मला 'बअली' म्हणणार नाहीस, 'ईशी' म्हणशील. बअली म्हणजे माझा मालक, ईशी म्हणजे माझा माणूस. संदर्भ मूर्तिपूजेचा आहे हे खरं, पण शब्द नवरा-बायकोचेच निवडलेत. गंमत म्हणजे आजच्या इस्रायलमध्येही नवऱ्याला 'बअल'च म्हणतात, आणि काही बायका मुद्दाम तो टाळून 'ईशी' म्हणतात.

आमच्याकडे बायका अजून "आमचे मालक बाहेर गेलेत" म्हणतात. माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या. धनी, घरधनी, कारभारी हेही आहेतच. बअलीला मराठी शब्द शोधावा लागत नाही, चार तयार आहेत. अडचण ईशीची आहे. 'नवरा' कोरडा वाटतो, 'पती' लग्नपत्रिकेतला, 'माझा माणूस' म्हटलं तर माझी बायको हसते आणि म्हणते, गडी कामाला ठेवल्यासारखं वाटतं. मावशींनी 'जोडीदार' सुचवलाय, काकूंनी 'सोबती'. वहीतलं ते पान अजून अर्धं रिकामं आहे. तुमच्या घरात, तुमच्या गावच्या बोलीत काही असेल तर कळवा, विशेषतः परळी-केजकडच्या मंडळींनी.