पोरगा अग्निवीर झाला, आईबापांच्या तयारीचं काय?

पेण-रोह्यात एखाद्या पोराची अग्निवीर म्हणून निवड झाली की नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागतो, ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ होतं आणि पोरगा बॅग घेऊन गाडीत बसतो. पुढच्या महिन्यांत त्या घरात काय चालतं, याची बातमी होत नाही. पण हा प्रश्न आता पुढे येणार आहे. अग्निपथ योजनेतली नौदलाची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे दाखल झाली, तर लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं भरतात. ज्या आईबापांनी पोराला निरोप देताना मन घट्ट केलं, त्यांनाच आता तो परत येण्याची तयारी करायची आहे.

मुंबई वेगळी, फौज वेगळी

पोरगा घर सोडून जाणं या दोन तालुक्यांना नवीन नाही. नोकरीसाठी मुंबई, पनवेल, ठाणे हे चालूच असतं. पण मुंबईला गेलेला पोरगा दिवा-रोहा गाडी पकडून शनिवारी रात्री घरी येतो. त्यातून नाहीच जमलं, तर गणपतीला तरी येतोच. फौजेत तसं नाही. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस रजा असते आणि ती कधी मिळेल हे तुकडीच्या कामावर ठरतं. पंचमी-गौरी बघून रजा मिळत नाही. पेणच्या ज्या घरात मूर्तींचा कारखाना आहे, तिथे ऐन हंगामात दोन हात कमी पडतात. खारेपाटात लावणीच्या दिवसांत तीच अडचण येते.

सगळ्यात अवघड जातात ते पहिले आठवडे. प्रशिक्षण केंद्रात मोबाइलवर बंधनं असतात, ठरलेल्या वेळीच बोलता येतं. रोज दहा वेळा फोन करायची सवय असलेल्या आईला ही शांतता खायला उठते. फोन आला नाही म्हणजे काहीतरी वाईट झालं, असं मनात येतं. खरं तर बहुतेक वेळा तेव्हा पोरगा मैदानावर असतो, नाहीतर दमून झोपलेला असतो. एवढी साधी गोष्ट आधी कोणी सांगितली, तरी घरातला निम्मा ताण हलका होईल.

शेजारी माजी सैनिक असला तर

रायगडच्या दक्षिणेकडे सांगणारं माणूस शेजारीच सापडतं. महाड तालुक्यातलं आंबवडे हे गाव 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धापासून तिथली माणसं सैन्यात आहेत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा गावात पोरगा भरती झाला की, पत्र कधी येतं, रजा कशी मिळते, शपथविधीला काय घेऊन जायचं, हे आळीतली म्हातारी माणसंच सांगतात.

पेण-रोह्यात ज्या घरातलं कोणीच आधी फौजेत नव्हतं, त्या आवस-बापसाला हे कोण सांगणार? अकादमी पोरांकडून धावणं करून घेते, लेखी परीक्षेची तयारी घेते. घरच्यांसाठी मात्र एक तासही कोणी देत नाही.

चार वर्षांचा हिशेब

अग्निवीराचं वय साडेसतरापासून सुरू होतं. पोरगा अठराच्या आत असेल तर भरतीच्या अर्जावर पालकांची सही लागते. ती सही कशावर करतोय, हे आईबापांना नीट माहीत हवं.

पहिल्या वर्षी महिना ३० हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार असं पॅकेज आहे. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात. त्यामुळे पहिल्या वर्षी हातात साधारण २१ हजारच येतात. जेवढी रक्कम कापली जाते तेवढीच सरकार टाकतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, तेही करमुक्त. पण शंभरातले जास्तीत जास्त २५ जणच पुढे कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

आधीच्या पिढीत सैनिक पंधरा वर्षं काढून पेन्शन घेऊन घरी यायचा. तोवर त्याचं लग्न, घर सगळं मार्गी लागलेलं असायचं. आता बावीस-तेवीसचा पोरगा एकरकमी पैसे आणि मोकळे हात घेऊन दारात उभा राहील. पहिल्याच पगारावर गाडीचं कर्ज, चार वर्षांच्या भरवशावर घराचा वरचा मजला, असले बेत त्यामुळे जपून करायला हवेत.

सीमेवरची काळजी

धोक्याचा विषय घरात कोणी काढत नाही, पण मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तो प्रत्येक सैनिकाच्या घरात होता. त्याच वेळी नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात अग्निवीर मुरली नाईक शहीद झाला. त्याचे आईवडील मुंबईत घाटकोपरला मजुरी करून राहत होते. नियमित सैनिकाच्या घराला मिळते तशी कुटुंब पेन्शन मिळावी, यासाठी त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. अग्निवीराला ४८ लाखांचं विमा संरक्षण आहे आणि कर्तव्यावर मृत्यू आल्यास ४४ लाखांची सानुग्रह मदतही आहे. पण दर महिन्याची पेन्शन त्यात नाही. हा फरक आईबापांना आधी कळायला हवा, तो प्रसंग आल्यावर नव्हे.

काय करता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्यांचे अधिकारी आणि महाड-माणगावचे माजी सैनिक वर्षातून दोनदा पेण आणि रोह्याला येऊन भरती झालेल्या पोरांच्या पालकांशी बोलले, तरी बराच फरक पडेल. ग्रामपंचायतीने सत्कारासोबत ही बैठकही घ्यावी.

घरच्यांनीही काही गोष्टी हातात ठेवाव्यात. नॉमिनी कोण लावला ते विचारावं, कागदपत्रांच्या झेरॉक्स घरी असाव्यात. दहावी पास पोराला सेवेत असताना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून बारावीचं प्रमाणपत्र आणि इग्नूकडून पदवी घेण्याची सोय आहे. ती तो वापरतोय का, हे फोनवर विचारावं. केंद्रीय निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, त्यांच्या जाहिरातींवर चौथ्या वर्षीच नजर ठेवावी.

आणि प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला शक्य असेल तर दोघांनीही जावं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रासारख्या ठिकाणी त्या दिवशी पालकांना गौरव पदक देतात. लष्कर त्या दिवशी आईबापांची आठवण ठेवतं. गावाने आणि जिल्हा प्रशासनाने ती उरलेली चार वर्षं आणि त्यानंतरही ठेवायला हवी.