निवारा हवा, कोंडवाडा नको

शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री पकडावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि त्यांना त्याच जागी परत न सोडता निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्याआधी २२ ऑगस्टच्या आदेशाने पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले होते. इतर रस्त्यांवरील कुत्र्यांसाठी तो नियम नोव्हेंबरच्या आदेशाने बदलला नाही. रत्नागिरीत बसस्थानक आहे, जिल्हा रुग्णालय आहे, कोकण रेल्वेचे स्थानक आहे. तेथील कुत्री उचलून ठेवायची कोठे, हा प्रश्न आता नगरपरिषदेला टाळता येणार नाही.

पहाटे दूध आणायला किंवा शिकवणीला निघालेल्या मुलामागे चार कुत्री लागतात, तेव्हा त्याच्या आईला भूतदयेवर व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. तिची भीती खरी आहे. परंतु त्या भीतीपोटी गावाबाहेर पत्र्याची शेड ठोकून तीत कुत्री कोंबली, तर काय होईल? शेड काही महिन्यांत भरेल. मग नव्या कुत्र्याला जागा करण्यासाठी जुन्याचा गुपचूप निकाल लावला जाईल आणि कागदावर त्याला ‘दयामरण’ म्हटले जाईल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी दयामरणाची परवानगी केवळ असाध्य आजारी आणि मरणासन्न जखमी कुत्र्यांपुरती दिली आहे. जागा अपुरी पडणे हे त्यात बसत नाही.

मारून संख्या घटत नाही, हे मुंबईने पुरते अनुभवले आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या श्वानहत्येविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू व जैन व्यापारी त्यांच्यासोबत उभे राहिले आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. तरीही पालिकेचे मारणे चालूच राहिले, ते १९९४ पर्यंत. एवढ्या दीर्घ संहारानंतर मुंबईतील कुत्री संपली नाहीत, कारण रिकामी झालेली जागा आणि उघडा कचरा शेजारच्या कुत्र्यांना बोलावतच होता.

अमेरिकेचे सारेच अनुकरणीय नसते, पण हा धडा घेण्याजोगा आहे. तेथील निवाऱ्यांत १९७० च्या दशकात दरवर्षी एक कोटीहून अधिक कुत्री-मांजरे मारली जात, असा तेथील संस्थांचा अंदाज आहे. आज तो आकडा दहा लाखांच्या आत आहे. हे पिंजरे वाढवून झाले नाही. स्वस्त निर्बीजीकरण, शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्याच्या परवान्याला जादा शुल्क आणि दत्तक देण्याची मोहीम यांतून ते साधले. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने तर तेथील प्राणिदया संस्थेशी करारच केला की, दत्तक जाण्याजोगे एकही निरोगी जनावर मारायचे नाही.

कोकणात या कामाला स्वतःचे पंचांग आहे. भाद्रपद हा कुत्र्यांचा माजाचा काळ, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात उकिरड्यावर दिसू लागतात. सरकारी पंचांग मात्र निराळे. एप्रिलमध्ये नवे अंदाजपत्रक, मग निविदा, मग हरकती, आणि पाऊस सरल्यावर कामाचा आदेश. दिवाळीनंतर कुत्री पकडायला निघालेली गाडी गाभण कुत्र्यांच्या मागे धावत असते. पैसा खर्च होतो, अहवाल तयार होतो, पिल्ले मात्र येतातच. याउलट जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे महिने. मिरकरवाडा बंदरावरची मासळीची खरकटी तेव्हा आटतात आणि भुकेली कुत्री अन्नाच्या आमिषाने सहज जवळ येतात. निर्बीजीकरणाला याहून योग्य काळ नाही. प्रश्न फक्त पावसात शस्त्रक्रिया करता येईल अशा कोरड्या खोलीचा आणि जखम भरेपर्यंत कुत्री ठेवण्याच्या स्वच्छ पिंजऱ्यांचा आहे. निवारा म्हणजे प्रथम एवढेच.

कुत्र्यांना बेघर करणारा हात मात्र बहुधा घरातलाच असतो. नर पिल्लू राखणीला ठेवायचे आणि माद्या गोणपाटात भरून रात्री मासळीबाजारात सोडायच्या, ही जुनी रीत. त्यात आता नवी भर पडली आहे. म्हातारा-म्हातारी गेली, मुले मुंबई-पुण्याला, घराला कुलूप लागले. पडवीतला राखणदार कुत्रा मात्र दारातच राहतो. आठ दिवस वाट पाहतो आणि मग रस्त्याला लागतो. जनावराला उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या घरात सांगितली जाते, त्याच घरातून हे गोणपाट बाहेर पडते.

शेजारच्या गोव्याने निर्बीजीकरणासोबत लसीकरणाचे काम वर्षानुवर्षे नेटाने केले. २०२१ मध्ये तो देशातील पहिला रेबीज-नियंत्रित प्रदेश जाहीर झाला, त्याआधीच्या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही मनुष्य दगावला नव्हता. रत्नागिरी, चिपळूण, खेड आणि राजापूर या नगरपरिषदांना स्वतंत्र शस्त्रक्रियागृहे परवडणार नाहीत, हे मान्य. जिल्ह्यासाठी एक चांगले केंद्र, एक फिरते वाहन, पूर्ण वेळ पशुवैद्यक आणि महिन्यातून एक दिवस पिल्ले दत्तक देण्याचा, एवढे चौघांनी मिळून उभारणे अशक्य नाही. त्यासाठीची निविदा मात्र माघातच निघायला हवी, म्हणजे ज्येष्ठात पहिली शस्त्रक्रिया होईल.