आधी उपवास, मग सण

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन मंदिराबाहेर पडलेला भाविक त्याच संध्याकाळी बेकरीच्या काचेआड मांडलेले हॉट क्रॉस बन पाहतो आणि घरी जाताना अर्धा डझन बांधून घेतो. कपाळावरची राख अजून पुसली गेलेली नसते. गुड फ्रायडे उजाडेपर्यंत घरातल्या मुलांना त्या बनाचा कंटाळा आलेला असतो. मार्झिपॅनच्या अंड्यांची गत तीच. झावळ्यांच्या रविवारीच ती फस्त होतात आणि ईस्टरच्या पहाटे उघडायला डबा उरत नाही. यात गैर काय, असे आम्हांला अनेकदा विचारले जाते. गैर आहे असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक खुलासा. आमचा राग गोडावर नाही. दालचिनी, जायफळ, बेदाणे आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल घातलेला ऊनऊन बन आम्हांलाही आवडतो. आमचा प्रभू लोकांच्या पंगतीला बसत असे, म्हणून त्याला खादाड म्हणणारेही होते. मृतांतून उठल्यावर त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला आणि सरोवराच्या काठी त्यांच्यासाठी न्याहारी मांडली. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी भाकर आहे, त्याला खाण्याचे वावडे असेलच कसे? आमचे भांडण आहे ते वेळेशी.

हा बन मुळात इंग्लंडचा. १३६१ साली सेंट ऑल्बन्सच्या मठातील एका संन्याशाने गुड फ्रायडेला क्रुसाची खूण असलेले मसालेदार पाव गोरगरिबांना वाटले, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवू. १५९२ साली, राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राज्यात, लंडनच्या बाजार अधिकाऱ्याने असे मसालेदार पाव विकण्यावर बंदी घातली. तीन प्रसंगांचा तेवढा अपवाद होता : अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि नाताळ. आज्ञा मोडणाऱ्याचा माल जप्त करून गरिबांना वाटून टाकावा, अशी तरतूद होती. आज त्याच इंग्लंडात मोठ्या दुकानांतून हा बन बाराही महिने मिळतो. तो मिळतो खरा, पण त्याची वाट कोणी पाहत नाही.

ईस्टरच्या अंड्याचीही अशीच कथा आहे. मध्ययुगात प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. कोंबड्या मात्र प्रायश्चित्तकाळ पाळत नसत. घरात साठलेली अंडी पुनरुत्थानाच्या दिवशी आनंदाने फुटत. त्या अंड्याची गोडी चाळीस दिवसांच्या उपवासात होती. पोलंडमध्ये आजही पवित्र शनिवारी कुटुंबे पाव, अंडी, मीठ आणि मांसाची टोपली मंदिरात नेऊन आशीर्वादित करून घेतात आणि ती ईस्टरच्या सकाळीच उघडतात. भरलेली टोपली रात्रभर घरात असते आणि तिला कोणी हात लावत नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. केरळातील संत थॉमसच्या परंपरेतले ख्रिस्ती पवित्र गुरुवारच्या रात्री घरोघरी बेखमीर ‘पेसहा अप्पम’ करतात. झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळीचा क्रूस त्यावर ठेवतात. प्रार्थनेनंतर घरातील वडीलधारी व्यक्ती ती भाकर मोडून सर्वांना देते आणि नारळाचे दूध व गूळ यांच्या पेयाबरोबर सगळे ती खातात. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे अप्पम होत नाही. शेजारी किंवा आप्त तो आणून देतात. एका भाकरीत प्रभुभोजन, कुटुंब आणि शेजारधर्म असे तिन्ही सांभाळले जाते. त्या लोकांनी भाकरीबरोबर तिची तिथीही जपली, म्हणून हे शक्य झाले. आपल्या आजूबाजूला श्रावणात तिळगूळ कोणी वाटताना आपण पाहिले आहे काय?

गेल्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना विचारले, “बनावर ती आडवी-उभी रेघ कशाची?” एका चुणचुणीत मुलाने हात वर केला आणि उत्तर दिले, “फादर, कंपनीचा मार्क!” वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्या रात्री मात्र आम्हांला झोप लागली नाही. चूक मुलाची नव्हती. त्याने तो बन महिनाभर चहाबरोबर खाल्ला होता आणि त्याविषयी घरात त्याला कोणी काही सांगितले नव्हते.

आमच्या लहानपणी मुंबईला नोकरी करणारे मामा गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री लोकलच्या गर्दीतून कागदी पिशवी सांभाळीत वसईला येत. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेहून परतल्यावर आई एकेका बनाचे चार तुकडे करी. सुरी क्रुसाच्या रेघेवरूनच फिरे. “आज प्रभू आपल्यासाठी मोडला गेला,” एवढेच ती बोले. पुढे आम्ही सेमिनरीत वर्षानुवर्षे ईश्वरशास्त्र शिकलो. त्या वाक्यात भर घालण्यासारखे थोडेच सापडले.

आता आक्षेपांकडे वळू. काही उत्साही मंडळी म्हणतात, हे सारेच मूर्तिपूजकांचे, ‘ईस्टर’ हे नावच एका देवतेचे. संत बीड याने आठव्या शतकात तशा देवतेचा उल्लेख केला आहे, हे खरे. पण त्याने बनाचा उल्लेख केलेला नाही. शिवाय ते नाव मुख्यत्वे इंग्रजी आणि जर्मन भाषांपुरते आहे. बहुतेक ख्रिस्ती जग या सणाला ‘पास्का’ शब्दावरूनच ओळखते. नावाच्या व्युत्पत्तीवरून पोरांच्या हातचा खाऊ काढून घेणे ही भक्ती नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक भगिनी आम्हांला म्हणाल्या, “फादर, पहाटेची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या बाईने पीठ कधी मळायचे?” त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. घरीच करा, असा हट्ट धरण्याचा अधिकार आयते जेवणाऱ्या धर्मगुरूला नाही. बन खुशाल विकत आणा. बेकरीवाल्यालाही आम्ही दोष देत नाही. तो आपल्या श्रद्धेचा राखणदार नव्हे, आपण मागतो ते तो विकतो. आणि कबुलीही द्यावी लागेल : यंदा प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच आठवड्यात एका कुटुंबाने प्रेमाने बनाचा खोका आमच्या निवासात पाठविला, तेव्हा नकार देण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. आम्ही दोन खाल्ले. म्हणून हा लेख आमच्याही विरुद्ध आहे.

ख्रिस्तसभेने उपवास फार सोपा केला आहे. परमगुरू सहावे पॉल यांनी १९६६ साली नियम सौम्य केले. आज १८ वर्षे पूर्ण केलेल्यांनी साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत वर्षातून दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पाहार घ्यावा, एवढेच बंधन आहे. बाकीचे आपल्या विवेकावर सोपविले आहे. हा विवेक आपण बाजारावर सोपवला, तर चाळीस दिवसांचे उरेल काय?

आमची मागणी लहान आहे. गुड फ्रायडेपर्यंत बन घरात आणू नका. त्या दिवशी आणा, अल्पाहार म्हणून घ्या, मोडताना मुलांना क्रुसाची गोष्ट सांगा. आधीचे जे डझन वाचतील त्यांचे पैसे प्रायश्चित्तकाळाच्या दानपेटीत टाका, म्हणजे १५९२ सालचा तो जप्तीचा कायदा आपण स्वखुशीने पाळल्यासारखे होईल. अंडी आणि केक पास्का जागरणाचा विधी आटोपेपर्यंत बंद राहू द्या. मग डबे उघडा, दिवाळीला ज्यांचा फराळ आपल्याकडे येतो त्या शेजाऱ्यांकडे ताटे पाठवा, आणि ज्या घरी यंदा कोणी गेले असेल तेथे सर्वांत आधी जा.

मसाल्यांची आणखी एक आठवण देऊन थांबतो. रविवारी पहाटे प्रभूच्या देहाला लावण्यासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन स्त्रिया कबरेकडे निघाल्या होत्या. शब्बाथ संपेपर्यंत त्यांनाही थांबावे लागले होते.