आधी आत्याची गाडी चढवा

स्पष्टच लिहिते, राग आला तर येऊ दे. आपल्या इंदूर-देवासच्या, ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या मराठी घरांत लग्नामुंजीला नाहीतर कुळधर्माला महाराष्ट्रात जायचं ठरलं की सगळ्यांचं सामान मोजलं जातं. रुखवताची खोकी, चिवड्याचे डबे, आजीची औषधं, नातवाची सायकलसुद्धा गाडीच्या टपावर चढते. मागे राहते ती घरातल्या अपंग माणसाची तीनचाकी स्कूटर. ती फाटकाच्या आत, वर जुनी चादर टाकून. आणि तिची मालकीण गाडीत मधल्या सीटवर, तीही सामानासारखीच.

माझं म्हणणं एवढंच की ती स्कूटर बरोबर गेली पाहिजे. पिकअपमध्ये घाला, ट्रेलरवर घाला, पण माणसाबरोबर न्या. आणि तिचं भाडं कोणाच्या उपकाराचं नसावं, वऱ्हाडाच्या बसइतकंच लग्नाच्या खर्चात धरलेलं असावं.

मला पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षाची होते. पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झालं, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. फार चांगलं झालं. पण त्यामुळे घरातल्या तरुण मंडळींना वाटतं की पोलिओ संपला म्हणजे आम्हीही संपलो. अहो, आम्ही इथेच आहोत, पन्नाशी-साठीत आहोत, आणि भाचे-पुतण्यांच्या लग्नाचे दिवस आमचेच आहेत.

ज्यांच्या घरात अशी गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या बिनगिअरच्या स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक लावून घेतात. मोजली तर चाकं चार भरतात, पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. माझी पहिली गाडी कायनेटिक होंडा. ती तर आपल्या शेजारी पीथमपुरातच बनायची. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. त्याआधी मी हाताने फिरवायची सायकल चालवत होते आणि रामबागेतला एवढासा चढ आला की कोणीतरी मागून ढकलायची वाट पाहत होते. स्कूटर आल्यावर बँक, भाजी, भिशी, रात्री सराफ्यात जिलेबी, सगळं माझी मी करू लागले. कायदासुद्धा या गाडीला वेगळं ओळखतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तिला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीत त्या जागी 'ॲडॅप्टेड व्हेइकल' आलं. कायद्याला जे कळलं ते घरच्यांना कळायला काय हरकत आहे?

आता घरचे काय म्हणतात ते पाहू.

पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, गाडी कशाला? आम्ही आहोत ना!" हे वाक्य प्रेमाचं आहे हे मला मान्य आहे. पण 'आम्ही आहोत ना' म्हणजे नेमकं काय, ते ऐका. पुण्याच्या एका लग्नात मी तीन दिवस एका प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. देवकाला खुर्चीसकट उचलून आत नेलं, जेवायला खुर्चीसकट बाहेर आणलं. बाथरूमला जायचं तर वहिनी मोकळी होईपर्यंत थांबायचं, म्हणून मी पाणीच कमी प्यायले. बायका समोरच्या गल्लीत बांगड्या भरायला निघाल्या, तेव्हा "तू बस, तुझ्यासाठी आणतो" असं झालं. कोणी वाईट वागलं नाही, उलट सगळे गोडच बोलत होते. इंदुरात स्वतःची बँक स्वतः सांभाळणारी बाई सहाशे किलोमीटरवर गेली की आपोआप तान्हं बाळ होते, ते माझ्या पायांमुळे नाही. इंदुरातही पाय हेच असतात. फरक फक्त फाटकात राहिलेल्या गाडीचा असतो.

दुसरं: "तिथे कोणाची तरी स्कूटर मिळेल की." मिळेल, दोन चाकांची मिळेल. ती मला उभ्या जागी तोलता येत नाही. एखाद्याचा चष्मा घरी राहिला तर त्याला शेजाऱ्याचा चष्मा देता का?

तिसरं, आणि हे बहुतेक पुरुषमंडळींकडून येतं: "मग चालवतच ये ना, लोक लडाखला जातात." जातात, दोन चाकांवर जातात. माझी गाडी वळणावर झुकत नाही. वळणावर वेग जास्त झाला तर ती बाहेरच्या बाजूला उलटायला बघते, आणि रस्ता एका बाजूला उतरता असला की हॅण्डल दिवसभर तिकडेच ओढतं. इंदुराहून धुळ्याकडे निघालात की मानपूरचा भेरू घाट, पुढे गणपती घाट, खलघाटला नर्मदा ओलांडली की सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट. त्या उतारावर मागे भरलेला ट्रक घेऊन माझी स्कूटर चालवून दाखवा, मग मला लडाख सांगा. शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकी-तीनचाकींना बंदी आहे. तीच गाडी पिकअपवर चढवली की दोन्हीकडून बिनदिक्कत जाते.

चौथं: "रेल्वेने पार्सल कर." करता येतं. पेट्रोलची टाकी रिकामी करायची, कागद द्यायचे, गाडी बांधून घ्यायची. पण मी उतरेन त्याच वेळी पार्सलही उतरेल याचा भरवसा नाही. हळदीच्या दिवशी मी हजर आणि गाडी मागाहून आली, तर त्या गाडीचं मी करू काय?

पाचवं कोणी मस्करीतही सुचवू नये: दोरी बांधून ओढणं. गल्लीच्या टोकापर्यंत बंद गाडी ओढणं वेगळं, हायवेवर ओढणं वेगळं.

राहिला खर्च. हो, पिकअपला पैसे पडतात. पण मंडळी, बँडला पडतात, ड्रोनवाल्याला पडतात, फुलांच्या कमानीला पडतात, तेव्हा कोणी "कशाला?" विचारत नाही. आणि जी पिकअप रुखवत, भांडी, गाद्या घेऊन जाणारच आहे, तिच्यातच जागा काढता येते. आमच्याकडे भाच्याने शेवटी तेच केलं. म्हणाला, "आत्या, तू बस तर खरी, गाडीचं मी पाहून घेतो." आणि खरंच पाहिलं.

कसं न्यायचं तेही लिहिते, म्हणजे 'जमत नाही' ही सबब उरायला नको. मोटरसायकल चढवायला एक फळी पुरते. हिची चाकं तीन ओळींत येतात, म्हणून फळ्या तीन लागतात, नाहीतर एखाद्या गोदामाचा ओटा गाठून सपाट चढवावी. मोटरसायकलसाठी एक नाळ असलेला ट्रेलर चालत नाही, तळ सपाट हवा. आधी बाजूच्या चाकांसकट रुंदी टेपने मोजा आणि मगच पिकअप ठरवा. पुढचं चाक समोरच्या भिंतीला टेकवा, चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे द्या. पट्टे चार, चार कोपऱ्यांना, आणि ते स्कूटरच्या मूळ सांगाड्याला. नुसत्या हॅण्डलला नाही आणि बाजूच्या चाकांच्या दांड्यांना तर मुळीच नाही, त्या वाकल्या की गाडी कायम एका अंगाला चालते. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे परत आवळा, कारण ते पहिल्या खड्ड्यांतच सैल पडतात. स्वतःचा ट्रेलर जोडणार असाल तर ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते, ते आधी बघा. स्कूटरचं आरसी आणि विमा गाडीच्या मालकिणीजवळ द्या, ड्रायव्हरजवळ नको.

त्या लग्नात मी काय केलं? फार काही नाही. पहाटे उठून कोपऱ्यावरून नवरीसाठी गजरे आणले. मावशीला मागे बसवून देवळात नेलं. विहिणीकडचा निरोप मी पोहोचवला. कंटाळा आला तेव्हा कोणाला न विचारता खोलीवर जाऊन झोपले. तुम्ही सगळे लग्नात हेच करता आणि त्याला कोणी पराक्रम म्हणत नाही. मलाही तेवढंच हवं होतं.

आपली घराणी पिढ्यान् पिढ्या दूर राहिली आणि तरी कुलदैवत, नातं, येणंजाणं सोडलं नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. होळकर इंदुरात राहिले तरी त्यांचा कुलस्वामी जेजुरीचा खंडोबाच राहिला, हे आपण मुलांना सांगतो. मग हे येणंजाणं घरातल्या सगळ्यांचं असू द्या. दरवर्षी 'तुला त्रास होईल' म्हणून ज्या आत्याला, काकाला, मावसभावाला घरी ठेवता, त्यांना एकदा विचारा की त्रास प्रवासाचा होतो की तिथे जाऊन खुर्चीला खिळण्याचा. उत्तर मला माहीत आहे.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतील, याद्या निघतील. यादीत आत्याचं नाव लिहिलंत की त्याच ओळीत तिची गाडीही लिहा. आणि 'तू येणार का?' असं विचारू नका. 'गाडी किती वाजता चढवायची?' एवढंच विचारा.